उडतं ते फक्त पाणी

आमच्या दुकानात बॅटरी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या नवऱ्याचं एक व्याख्यान फुकट मिळायचं. हे बॅटरीची बुचं उघडणार, आत टॉर्च मारून बघणार आणि मग गिऱ्हाइकाकडे असं पाहणार, जणू त्याने पोटच्या पोराला उपाशी ठेवलंय. पाणी कधी घातलं होतं, असं विचारलं की गिऱ्हाईक चाचरायचं आणि यांची गाडी सुरू व्हायची. बॅटरीत अ‍ॅसिड असतं आणि पाणी असतं. उन्हाने, चार्जिंगच्या गरमीने उडतं ते फक्त पाणी. अ‍ॅसिड कुठे जात नाही, ते जागच्या जागी राहतं. म्हणून वरून घालायचं ते फक्त शुद्ध पाणी, दुसरं काही नाही. मी गल्ल्यावर बसून हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

व्याख्यानाचा शेवट मिठावर व्हायचा. कधीकाळी एका शहाण्याने मेलेली बॅटरी जिवंत करायची म्हणून तिच्यात मूठभर मीठ घातलं होतं. ती चार्जिंगला लावल्यावर असा वास सुटला की सगळ्यांना खोकत रस्त्यावर पळावं लागलं. त्या बॅटरीचं खोकं यांनी फळीवर ठेवलं होतं, लोकांना दाखवायला. मीठ म्हणजे सत्यानाश, असं म्हणून हे त्या खोक्यावर बोटाने टकटक करायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, मिठाने यांचं घरच बुडवलंय.

मागच्या खोलीत चार्जिंगचं काम माझे धाकटे दीर बघतात. यांच्यापेक्षा ते पुष्कळ लहान. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा यांनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, हाताला धरून धंद्यात आणलं. हे त्यांना छोट्या म्हणतात. भाऊजींचे कानाजवळचे केस पांढरे झाले तरी ते छोट्याच राहिले, आणि दादाने सांगितलं की हातातलं काम टाकून उठायचं ही सवयही तशीच राहिली. मी कधीमधी चिडवायचे की भाऊजी, तुम्हाला शिंक आली तरी दादाला विचारून द्याल. ते नुसते हसायचे.

भाऊजींचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची एक गोळी दिली आणि जेवणातलं मीठ कमी करा म्हणाले. हे सोबत गेले होते. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या 'कमी'चं 'बंद' झालं होतं. मी म्हटलं, अहो, डॉक्टर कमी म्हणाले ना. तर म्हणाले, विषाला कमी आणि जास्त काय असतं. धाकट्या जावेने मान डोलावली. तिच्या नवऱ्याची एवढी काळजी कुणी करतंय म्हटल्यावर ती कशाला वाद घालेल? दुपारचं जेवण दुकानात माझ्या हातचं असायचं. भाऊजींची भाजी मी वेगळी काढायला लागले, मिठाशिवाय.

पाण्याचा हिशेब यांचा स्वतःचा होता. चार्जिंगच्या खोलीत पंखे कितीही फिरोत, शर्ट पिळून काढावा असा घाम येतो. घामात काय जातं, तर पाणी. मग भरायचं काय, तर पाणी. यांनी एक मोठी बाटली आणली. सकाळी भरून द्यायची, संपली की पुन्हा, जेवल्यावर पुन्हा. भाऊजी कामात असले की हे बाटली घेऊन समोर उभे राहायचे आणि तळ दिसेपर्यंत हलायचे नाहीत. मी गल्ल्यावरून बघायचे आणि मनात म्हणायचे, जगात असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. हे मी खरंच म्हणायचे.

एकदा मागे गेले तर भाऊजी बॅटऱ्यांच्या आड उकडलेलं अंडं खात होते. शेजारी कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ. मला बघून चोरी पकडली गेल्यासारखे दचकले. मला हसू आलं आणि मी ते हसत हसत यांना सांगितलं. हे उठून आत गेले, पुडी उचलली आणि त्यांच्यादेखत मोरीत उलटी केली. भाऊजींनी उरलेलं अंडं तसंच खाल्लं. मी तेव्हा दारात उभी राहून हसत होते.

मग भाऊजींच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डोकं दुखायचं, मळमळायचं. यांचं उत्तर ठरलेलं, पाणी कमी पडतंय. बाटली आणखी एकदा भरली जायची. पुढे ते गिऱ्हाइकांची नावं विसरायला लागले. हातात पाना घेऊन उभे राहायचे आणि पाना कशाला घेतला ते त्यांना आठवायचं नाही. जाऊ म्हणाली, ताई, हे झोपेत काहीतरी बरळतात. मी म्हटलं, उकाडा आहे, सगळ्यांचंच डोकं फिरलंय. गल्ल्यावर बसून जगाला शहाणपण शिकवणारी मी, आणि घरातल्या माणसाला हे उत्तर दिलं.

त्या दिवशी भाऊजींनी एका ट्रकवाल्याची बॅटरी चार्जिंगला उलटी जोडली. लाल वायर काळ्या जागी, काळी लाल जागी. दुकानात शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी कानाला धरून सांगतात ती गोष्ट. मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, हे धावत आत गेले. मी मागोमाग. भाऊजी वायर हातात धरून उभे होते आणि हसत होते. ते हसू कसलंच नव्हतं, चेहऱ्यावर तसंच राहून गेलेलं होतं. पण ते आज कळतंय. यांना वाटलं, नशा करून आलाय आणि वर दात काढतोय. ट्रकवाला दारातून बघत होता. यांनी भाऊजींच्या गालावर सणसणीत चपराक मारली.

लहानपणीसुद्धा यांनी कधी त्यांच्यावर हात उगारला नव्हता. भाऊजींनी गालाला हात लावला, यांच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि खाली बसले. मग त्यांचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. ट्रकवाल्यानेच पुढे होऊन डोकं धरलं. त्याच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. जाऊ घरून थेट तिथेच आली.

तिथली डॉक्टर तरुण होती, चटपटीत, बोलताना एकही शब्द वाया न घालवणारी. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिने आम्हा तिघांना बाहेर बोलावलं. म्हणाली, रक्तातलं सोडियम फार उतरलंय. म्हणजे मीठच म्हणा. जाऊ गोंधळली, मीठ तर वाईट ना? तेव्हा तिने समजावलं. मीठ नुसतं चवीसाठी नसतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे क्षार अंगातल्या पाण्यात विरघळलेले असतात, आणि विरघळले की प्रत्येकावर विजेचा भार असतो. मेंदूने हाताला सांगायचं, हाताने मूठ वळायची, हृदयाने ठोका द्यायचा, हे सगळं हे भार पेशींच्या आत-बाहेर जाण्यावर चालतं. घामात पाणी जातं तसं मीठही जातं. या गोळीने लघवीतूनही जातं. जेवणातून ते परत आलं नाही आणि वरून नुसतं पाणीच ओतत राहिलं, तर रक्त पातळ होतं. ते पाणी मग पेशींत शिरतं. बाकी अंगात सुजायला जागा असते, कवटीत मेंदूला नसते. या सगळ्या क्षारांना इलेक्ट्रोलाइट म्हणतात, असं ती म्हणाली.

मी यांच्याकडे पाहिलं. हा शब्द आमच्या दुकानातल्या अ‍ॅसिडच्या प्रत्येक कॅनवर छापलेला आहे. यांच्या तोंडात तो डॉक्टरीणबाईंच्या जन्माआधीपासून आहे. यांचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला. तिचं बोलणं संपायच्या आधीच यांना सगळं कळलं होतं.

डॉक्टरने विचारलं, पाणी किती प्यायचे ते?

"भरपूर," जाऊ म्हणाली. "दादा स्वतः भरून द्यायचे. समोर उभं राहून संपवायला लावायचे. एवढं तर सख्खा बापही करत नाही."

डॉक्टरने एकदा यांच्याकडे पाहिलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेली. हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. बोलले नाहीत.

बाकावर बसल्यावर जावेने मला हळूच विचारलं की भाऊजींच्या गालावर वळ कसला. पडताना टेबलाला लागलं का? मी म्हटलं, हो, लागलं असेल. तिने माझा हात हातात घेतला. तुम्ही दोघं होतात म्हणून वेळेवर आणलं, असं म्हणत राहिली. तिचा हात माझ्या हातात होता तेवढा वेळ मला मान वर करता आली नाही. खोटं तर मी रोज बोलते, गिऱ्हाइकाला बॅटरी संध्याकाळी मिळेल म्हणून सांगते. पण असं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

भाऊजी शुद्धीवर नव्हते. फिट थांबवण्यापुरतं मिठाचं तीव्र पाणी दिलं होतं, आता सलाइन थेंब थेंब चाललं होतं. यांना ते बघवेना. डॉक्टर दिसली की हे पुढे व्हायचे, जरा वेग वाढवा, एकदम भरून टाका ना, लागेल ते करतो. शेवटी तिने थांबून सांगितलं की एकदम भरलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हळूहळू उतरलेलं हळूहळूच चढवावं लागतं. हे परत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"बरोबर आहे तिचं," म्हणाले. "बॅटरीला घाईने चार्ज दिला की प्लेटी वाकतात. मीच सांगतो सगळ्यांना."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दुकानात येणाऱ्या प्रत्येक बॅटरीत मी हायड्रोमीटर घालून बघतो. पाणी जास्त झालं की आतली तरंगी बुडते, लगेच कळतं. हा माझ्यासमोर बुडत होता आणि मी बाटली धरून उभा होतो."

एरवी हे असं बोलले असते तर मी एखादा टोमणा मारला असता. आमचा संसार त्यावरच चाललाय. पण त्या वेळी मला यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि माझ्या हातचं अळणी जेवण डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. समोरच्या बाकावर जाऊ डोळे मिटून बसली होती. हे म्हणाले, तो उठू दे, उठला की सांगतो. मी विचारलं, आणि नाही उठले तर? ती जन्मभर तुमचे उपकार मानत बसेल, ते चालेल तुम्हाला?

यांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं. डबा आला तेव्हा यांनी आपल्या वाटणीचं माझ्याकडे सरकवलं. खायचं नसेल तर नका खाऊ, उपाशी राहून काही फिटत नाही, असं मी म्हणाले.

भाऊजी शुद्धीवर आले ते एका सकाळी, नर्स उशी नीट करत असताना. आधी बायकोला ओळखलं, मग मला. वहिनी, दुकान कोण बघतंय, असं विचारलं तेव्हा मला हुंदका आवरेना. डॉक्टरने हात हलवायला लावले, बोटं मोजायला लावली, आजचा वार विचारला. वार चुकला. ती म्हणाली, एवढं चालतं. त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. वायर नाही, ठिणग्या नाहीत, काहीच नाही. फिटनंतर असं होतं म्हणे.

जाऊ रडत रडत यांच्याजवळ आली आणि म्हणाली, दादा, तुमच्यामुळे वाचले हे. यांनी नुसती मान हलवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला आठवत नाहीये."

यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला ओळखू आलं, कारण क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. ट्रकवाला त्याच्या वाटेने गेला. भाऊजींना आठवत नाही. जावेला मी टेबल सांगितलंय. डॉक्टरने गोळी बदलली, मीठ सुरू करायला सांगितलं, पाणी मोजून द्यायला सांगितलं. आता कुणी काही बोललं नाही तर गोष्ट इथेच मिटत होती.

"तुम्हाला आठवतंय ना?" मी म्हटलं.

हे व्हरांड्याच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आले. मग आत गेले. मीही गेले.

भाऊजी टेकून बसले होते. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून सूपचा वाडगा आला होता, जाऊ तो निववत होती. भाऊजी गालावरून हात फिरवत म्हणाले, पडताना बरंच लागलं वाटतं, अजून ठणकतंय.

"पडून नाही लागलं," हे म्हणाले. "मी मारलं तुला."

जावेच्या हातातला चमचा थांबला. यांनी मग सगळं सांगितलं, उभ्यानेच, गिऱ्हाइकाला बिघाड सांगतात तसं एकामागून एक. वायर उलटी लागली ते, नशा केलीय असं वाटलं ते, ट्रकवाल्यासमोर मारलं ते. मग मागचंही. डॉक्टरांनी मीठ कमी म्हटलं होतं, बंद केलं मी. पाणी पाज म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. बॅटरीचं गणित मी माणसाला लावलं. मी मध्येच म्हटलं की टेबलाचं खोटं माझं होतं. जाऊ माझ्याकडे बघतही नव्हती.

भाऊजी ऐकत होते. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी साधेपणाने म्हणाले,

"मला तहान नसायचीच, दादा."

"मग प्यायचास कशाला?"

"तू भरून आणायचास. तुला नाही कसं म्हणायचं?"

लहानपणापासून या माणसाला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवणारं घरात एकच माणूस होतं. मला वाटतं ती चपराक, ते पाणी, यांतल्या कशानेही हे जेवढे मोडले नव्हते तेवढे त्या एका वाक्याने मोडले. पुढे होऊन यांनी भाऊजींच्या पायावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं. जावेने ट्रेमधली मिठाची पुडी फाडली, सूपमध्ये घातली, ढवळली. मग मान वर न करता म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

हे बाहेर जाऊन थांबले. तिने आत बोलावलं नाही, म्हणून घरी जायची वेळ होईपर्यंत बाहेरच थांबले.

भाऊजी आता कामावर येतात. जावेने त्यांचा डबा स्वतःकडे घेतलाय. माझ्याशी ती बोलते, पण पूर्वी ताई म्हणून दिवसातून पन्नासदा हाक मारायची, ती हाक गेली. यांच्याशी कामापुरतं. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर दुकानाची वाटणी मागितली असती.

यांचं व्याख्यान बंद झालंय. गिऱ्हाईक विचारतं, यात काय घालायचं? हे म्हणतात, डिस्टिल्ड पाणी, आणि बुचं लावायला घेतात. उडतं काय आणि राहतं काय, ते कुणी विचारलंच तर मी गल्ल्यावरून सांगते. मिठाचं खोकं फळीवरून कुठे गेलं ते मी विचारलं नाही. ती मोठी बाटली मात्र यांच्या टेबलाखाली पडून होती. चार्जिंगच्या खोलीतून भाऊजी घामाने निथळत बाहेर आले की यांचा हात आपोआप खाली जायचा, आणि मग कागद चाळल्यासारखं करून परत वर यायचा. भाऊजींना ते दिसायचं. त्यांना सगळं दिसतं, बोलत नाहीत एवढंच.

परवा दुपारी फार तापलं होतं. भाऊजी बाहेर आले, वाकून यांच्या टेबलाखालची बाटली काढली, फडक्याने पुसली आणि यांच्यापुढे धरली.

"दादा, तहान लागलीय. भरून दे."

खरंच तहान लागली होती की भावाची अवस्था बघवत नव्हती, ते भाऊजींनाच ठाऊक.

"खरंच लागलीय?" यांनी विचारलं.

"लागलीय."

हे उठले, नळाशी गेले आणि बाटली अर्धीच भरली.